तोंड पुसायचं नाही

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर स्लिगाखन नावाची जागा आहे. तिथल्या जुन्या दगडी पुलाखालच्या नदीत सात सेकंद तोंड बुडवलं की कायमचं रूप मिळतं, असं आमच्या मिनीबसच्या ड्रायव्हरने माइकवरून जाहीर केलं आणि सौ.ने माझ्याकडे पाहिलं. बसमध्ये एवढी माणसं असताना माझ्याकडेच का, हे मी अजून विचारलेलं नाही.

दगडांवर गुडघे टेकून मी ओणवा झालो, तोच मागून आवाज आला, "हातांनी पाणी घ्यायचं नाही. चेहरा आत गेला पाहिजे."

हिरवा रेनकोट, कानटोपी, शेजारी भिजलेलं कुत्रं. आजोबा सत्तरीचे असावेत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"चष्मा काढा. कान बुडाले नाहीत तरी चालेल, कपाळ बुडायलाच हवं. मी मोजतो."

नदी डोंगरातून थेट येते. पाणी एवढं गार की पहिल्याच सेकंदाला दाढा ठणकल्या. पुढचं मला सौ.च्या व्हिडिओतून कळलं. आजोबांनी "एक, दोन, तीन, चार" नीट मोजलं. तेवढ्यात एका बाईने समोरच्या डोंगरांचं नाव विचारलं. आजोबा वळले. "ते कुलिन. काळे आहेत ते गॅब्रोचे, तांबूस दिसतात ते ग्रॅनाइटचे. काळ्यांवर होकायंत्रसुद्धा भरवशाचं नाही, खडक चुंबकीय आहे." कुत्रं माझा बूट हुंगतंय, माझं डोकं पाण्यात आणि इकडे भूगर्भशास्त्राचा तास! मी धापा टाकत वर आलो, तर म्हणाले, "चारच झाले. पहिल्यापासून."

पुन्हा बुडालो. यावेळी सात झाले. मी रुमाल काढला.

"पुसायचं नाही! हवेवर वाळलं पाहिजे."

हवा कुठे होती? वारा पडला होता, आणि वारा पडला की हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागात, मिज येतात. चिलटापेक्षा बारीक, पण चावतात. त्यातही चावते फक्त मादी. माणसाच्या श्वासावर त्या माग काढत येतात, आणि धापा टाकणारा मी तिथे आयताच होतो. ओला चेहरा पुढे करून मी उभा आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यांची पंगत बसलेली.

"तुम्ही स्वतः केलंय का हे?" मी विचारलं.

"छे! मी बर्मिंगहॅमचा. कालच आलोय."

माझा खरा राग गोष्टीवरच आहे. बसमध्ये पुन्हा ऐकली तेव्हा लक्षात आलं. स्काखाख ही इथली योद्धी, आयर्लंडच्या कू खुलिनची युद्धगुरू. दोघांची लढाई थांबेना, तेव्हा परीच्या सांगण्यावरून स्काखाखच्या मुलीने या नदीत तोंड धुतलं. तिला युक्ती सुचली. तिने स्वयंपाक रांधला, वासाने दोघं जेवायला आले, आणि एकाच घरचे पाहुणे म्हटल्यावर लढणार कसे? म्हणजे पोरीला मिळाली अक्कल. त्याचं रूप कोणी केलं? अक्कल मिळते म्हटलं असतं तर बस थांबवायला कोणी सांगितलं नसतं, एवढंच.

या बेटावर परी म्हटलं की गाडी थांबतेच. फेअरी ग्लेन म्हणजे मुळात दरड सरकून झालेल्या टेकड्या. पर्यटक तिथे दगडांची वर्तुळं मांडतात, मग गावकऱ्यांना ती मोडत बसावी लागतात. डनव्हेगन किल्ल्यात मॅक्लाउड घराण्याने परीचा रेशमी झेंडा काचेत ठेवलाय, विटका आणि भोकं पडलेला. संकटात तीनदा फडकवता येतो म्हणतात, त्यातले दोनदा वापरून झाले. तिसरा ते राखून आहेत. हे मात्र मला पटलं. जपून वापरणारी माणसं.

संध्याकाळी चेहरा पुरणपोळीसारखा फुगला. सौ.ने तोवर व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता, खाली माझा ताजा फोटोही. धाकट्या मेहुण्याचा पहिला प्रश्न: "दाजी, यातला आधीचा कुठला?"