शिक्का सोनेरी असला म्हणजे झालं

परवा रात्री साडेअकराला मी एका प्रश्नाचं उत्तर मुद्दाम चुकीचं दिलं आणि 'उत्कृष्ट' शेऱ्यासह उत्तीर्ण झाले. तेव्हापासून एखादी पदवी किंवा कोर्स दर्जेदार आहे का, हे कसं ओळखायचं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरलेली नाही. एवढं ज्ञान एकटीनं दाबून ठेवणं बरं नव्हे. घ्या लिहून.

आधी प्रमाणपत्र हातात घ्या. वाचू नका, नुसतं हातात घ्या. कागद जाड आहे? कडेला वेलबुट्टी आहे? शिक्का सोनेरी आहे आणि सही कुणाची ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही? मग निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द. तो कुठेतरी सापडला की पुढचं काही विचारणं असभ्यपणाचं आहे.

मान्यता मात्र जरूर तपासा. संस्थेलाच विचारा. ती सांगेल, आम्हाला अमुक जागतिक परिषदेची मान्यता आहे. मग परिषदेला विचारा. तीही म्हणेल, आहे. दोघींचा पत्ता एकच निघाला तर दचकू नका, तेवढाच टपालखर्च वाचला म्हणायचं. आणि 'आयएसओ प्रमाणित' असं छापलेलं दिसलं की विषय संपला. आयएसओ स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानकं ठरवते आणि प्रमाणपत्रं बाहेरच्या संस्था देतात. त्यातलं ९००१ हे मानक तर कारभार ठरल्या पद्धतीनं चालतो का एवढंच बघतं, वर्गात फळ्यावर लिहिलेलं खरं की खोटं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पण असल्या तपशिलात शिरणाऱ्या माणसाला कुणी निवड समितीवर घेत नाही, हे ध्यानात ठेवा.

अभ्यासक्रमात काय शिकवणार ते वाचू नका. शेवटी काय मिळणार ते वाचा.

नावापुढची अक्षरं मोजा. जितकी जास्त तितका माणूस मोठा. माणूसच असला पाहिजे अशीही अट नाही. २००४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानं कोल्बी नोलन या नावानं टेक्सासमधल्या ट्रिनिटी सदर्न युनिव्हर्सिटीकडे साध्या पदवीसाठी अर्ज केला. कोल्बीचा कामाचा अनुभव वाचून युनिव्हर्सिटी इतकी भारावली, की थोडे पैसे वाढवून दिलेत तर एमबीएच देतो म्हणाली. एमबीए आलं. गुणपत्रिकाही आली, ४ पैकी ३.५ सरासरीची. कोल्बी हे मांजर होतं. पुढे कोर्टकचेरी झाली ते सोडा, मला कौतुक आहे त्या ३.५ चं. पूर्ण ४ दिले असते तर कुणालाही संशय आला असता!

नापास कुणी होतं का, असं संस्थेला विचारू नका. बिचाऱ्यांच्या जिव्हारी लागतं.

शिकणाऱ्यांनी किती तारे दिलेत ते बघा, कारण तारे खोटं बोलत नाहीत. २०१८ साली जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकच कोर्स, तेच शिक्षक, तेच साहित्य. फरक एवढाच की काही गटांसमोर चॉकलेटच्या कुकीज ठेवल्या होत्या. कुकीवाल्या गटांनी शिक्षकांना जास्त गुण दिले, आणि अभ्यासाचं साहित्यही त्यांना जास्त चांगलं वाटलं. म्हणजे कोर्स निवडताना खायला काय आहे एवढं विचारलंत की पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तास. शिक्षणात तासाइतकं शुद्ध माप नाही. हे मापही किती उदात्त हेतूनं जन्मलं बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्नेगी फाउंडेशनला अमेरिकेतल्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायची होती. ती कुठल्या कॉलेजांना द्यायची हे ठरवायला काहीतरी फूटपट्टी हवी होती, म्हणून कॉलेजप्रवेशासाठी लागणारा शाळेतला अभ्यास तासांत मोजायचं ठरलं. एका विषयाचे १२० तास म्हणजे एक युनिट. पेन्शनच्या हिशोबाला काढलेली फूटपट्टी शिक्षणाच्या अंगाला कायमची चिकटली. पुढे नोकरी-व्यवसायातल्या लोकांच्या शिक्षणालाही तीच लावली. तिकडे १० संपर्क तासांचं, म्हणजे शिकण्यात घालवलेल्या तासांचं, एक सीईयू होतं, म्हणजे निरंतर शिक्षणाचं एक एकक. त्या १० तासांत तुम्ही काय करत होतात, हे विचारायची सोय त्या हिशोबात नाही.

मी काय करत होते ते सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. परवान्याच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे ठरावीक तास दाखवावे लागतात. मला ६ कमी पडत होते. 'कंबरदुखी: अद्ययावत उपचार' असा बरोब्बर ६ तासांचा ऑनलाइन कोर्स मिळाला. मान्यता, शिक्का, तारे, सगळं जागच्या जागी. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही आणि दर दहा मिनिटांनी खिडकी उघडते: 'तुम्ही इथे आहात ना?' होते ना. भांडी घासत होते. शेजारच्या खोलीत एक धीरगंभीर आवाज पडद्यावरचा मजकूर अक्षर न अक्षर वाचून दाखवत होता. मलाही वाचता येतं हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

चौथ्या तासाला तो आवाज म्हणाला, अचानक उद्भवलेल्या साध्या कंबरदुखीत रुग्णाला एक आठवडा अंथरुणातून उठू देऊ नये.

मी ओल्या हातांनी धावत आले. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तेच. अहो, १९८६ मध्ये २०३ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली आहे. निम्म्यांना २ दिवस झोपवलं, निम्म्यांना ७. सात दिवस झोपलेल्यांना काडीचा जास्त फायदा झाला नाही, फक्त त्यांची कामावरची रजा वाढली. १९९५ मध्ये हेलसिंकीत पुन्हा तपासलं, तर ज्यांनी जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवले ते झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले. हे मी कॉलेजात शिकले. आज पहिल्या वर्षाच्या मुलीनं तोंडी परीक्षेत 'आठवडाभर झोपवून ठेवा' म्हटलं तर तिला घरी पाठवतील. आणि इथे तेच 'अद्ययावत'!

मग चाचणी. सगळी उत्तरं बरोबर आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, प्रयत्न मात्र कितीही करा. १७ वा प्रश्न कंबरदुखीच्या विश्रांतीचा. मी 'हालचाल चालू ठेवावी'वर टिचकी मारली. लाल फुली. पुन्हा तेच. पुन्हा फुली. साडेअकरा वाजले होते, परवान्याची मुदत चार दिवसांवर होती. मी 'सात दिवस पूर्ण विश्रांती' निवडलं. हिरवी खूण, पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस, 'अभिनंदन!'

प्रमाणपत्र उतरवून घ्यायच्या आधी अभिप्राय सक्तीचा होता. १७ व्या प्रश्नात काय चुकलंय ते मी सालांसकट लिहिलं. तारे मात्र भरावेच लागत होते. एक दिला तर 'आम्ही कुठे कमी पडलो?' म्हणून आणखी बारा प्रश्न उघडले. पाच दिले, तेव्हा प्रमाणपत्र आलं. पाठोपाठ निरोप आला: आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार, पुढच्या कोर्सवर सवलत.

हे ६ तास नको तिथे का शोधत बसले होते, तेही ऐका. त्याआधी वर्षभर आम्ही पाच जणी दर शनिवारी एका ज्येष्ठ बाईंकडे जात होतो. प्रत्येकीनं आपला फसलेला रुग्ण घेऊन यायचं, फसलेलाच. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. एका गुडघ्याबद्दल मी अर्धा तास बोलले. बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तू त्यांना जिना उतरताना पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. तेव्हापासून रुग्ण तपासायची माझी पद्धतच बदलली. त्या वर्षाचा सगळा कागद, नोंदी, बाईंचं पत्र मी अर्जाला जोडलं होतं. शेरा आला: 'संपर्क तासांचा रकाना नाही. ग्राह्य तास: ०.'

आता उपदेश पुरे.

कोर्स मंजूर करणाऱ्यांनो, मंजूर केलेल्या एकातरी कोर्सचा एक तास तुम्ही स्वतः बसून ऐकलाय का? कोण शिकवतंय, मजकूर शेवटचा कधी तपासला, न शिकलेला माणूस यात नापास होतो का, एवढे तीन प्रश्न विचारायला कुठली समिती लागते? प्रशिक्षणाचा दर्जा कसा तपासायचा याचा अभ्यास करणारे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच चार पायऱ्या मांडून ठेवल्या: शिकणाऱ्याला आवडलं का, तो शिकला का, त्याच्या वागण्यात फरक पडला का, त्याचा काही परिणाम दिसला का. साठ वर्षं उलटून गेली आणि तुम्ही अजून पहिल्या पायरीवर बसून तारे मोजताय. उमेदवाराच्या फायलीतले शिक्के मोजून घरी जाणाऱ्यांनो, त्याला अर्धा तास काम करायला लावा की समोर! मांजर असेल तर लगेच कळेल.

आणि आपण? असले कोर्स खपतात कारण आपल्याला तेच हवे असतात, झटपट, नापास न करणारे, भांडी घासता घासता होणारे. चूक माहीत असून मीच तिच्यावर टिचकी मारली आणि मीच पाच तारे दिले. ते तारे बघून कुणीतरी नवशिकी फिजिओथेरपिस्ट हा कोर्स घेईल, सगळं मन लावून ऐकेल आणि सोमवारी एखाद्या धडधाकट माणसाला आठवडाभर झोपवून ठेवेल. तिला दोष कुठल्या तोंडानं देऊ?

काल पुन्हा त्या पानावर जाऊन आले. १७ वा प्रश्न तसाच आहे. वर लिहिलंय, 'नुकताच अद्ययावत केला.'