गर्तेतल्या शार्कचं विज्ञान ‘पक्कं’ आहे म्हणणाऱ्यांसाठी

स्टीव्ह आल्टन यांच्या १९९७ च्या ‘मेग’ या कादंबरीत मेगॅलोडॉन हा लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्रचंड शार्क पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत, म्हणजे समुद्राच्या सगळ्यात खोल जागी, जिवंत सापडतो. तिच्यावरचे वाचकांचे अभिप्राय चाळले की एक वाक्य शब्द बदलून बदलून भेटत राहतं: “गोष्ट राक्षसाची असली तरी विज्ञान पक्कं आहे. मेगॅलोडॉन मारियाना गर्तेत आजही असू शकतो, खाली कोण बघायला गेलंय?” पुस्तक एका बैठकीत संपतं, मान्य. पाणबुडीतले प्रसंग घाम फोडतात, तेही मान्य. विज्ञानाला दिलेले मार्क मात्र तपासावे लागतील, कारण या दाव्याच्या बाजूने दिली जाणारी जवळजवळ सगळी कारणं चुकीची आहेत.

“गर्तेच्या तळाशी गरम पाण्याचा थर आहे, वर थंड पाण्याचं छत. शार्क त्यात अडकला.” कादंबरीचा सगळा डोलारा याच कल्पनेवर आहे. समुद्रतळावर गरम झरे असतात हे खरं, आणि त्यांतून येणारं पाणी साडेतीनशे अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकतं. पण ते तळाशी साचून राहत नाही. गरम पाणी हलकं, म्हणून झऱ्याच्या तोंडातून निघताच ते धुरासारखं वर उठतं आणि आजूबाजूच्या प्रचंड थंड पाण्यात मिसळून जातं. धारेपासून हातभर बाजूला थर्मामीटर धरला तर पारा दोन-तीन अंशांच्या आसपास दिसतो. गर्तेच्या तळाचं पाणी साधारण १ ते २.५ अंश असतं. तळ्यावर बर्फ असताना खालचं पाणी चार अंशांवर राहतं, तसंच इथे होत असेल, असंही काही जण लिहितात. तो नियम गोड्या पाण्याचा. समुद्राचं खारं पाणी गोठणबिंदूपर्यंत जड होतच जातं, त्यामुळे थंड पाणी वर आणि गरम पाणी खाली ही मांडणी टिकत नाही.

एक पळवाट आहे, आणि ती लेखकाने वापरली असती तर मजा आली असती. पाणी गरम असूनही भयंकर खारट असेल तर ते तळाशी बसून राहतं. तांबड्या समुद्रात ‘अटलांटिस दोन’ नावाच्या खोलगट भागात असं पाणी खरंच आहे, तापमान साठ अंशांच्या वर. अडचण एवढीच की त्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ नसतो आणि धातूंचे क्षार मात्र भरपूर. शार्क तिथे शिरला तर काही मिनिटांत गुदमरेल.

याच थराला जोडून येणारा प्रसंग वाचकांना फार आवडलेला दिसतो: जखमी नराच्या उष्ण रक्ताच्या लोटातून मादी थंड पाणी पार करून वर येते. दृश्य म्हणून जबरदस्त! पण चिमूटभर कुंकू पाण्यात टाकून बघा, किती वेळ एका जागी राहतं. रक्त पसरतं, पातळ होतं, आणि त्यातली ऊब रंगाच्याही आधी निघून जाते. किलोमीटरच्या किलोमीटर उंचीचा गरम रक्ताचा खांब उभा राहू शकत नाही. शिवाय त्याची गरजही नव्हती. २०२३ मध्ये दातांच्या रासायनिक अभ्यासातून असं दिसलं की मेगॅलोडॉनचं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे सात अंश उबदार असावं. थोड्या वेळाच्या थंडीने तो मेला नसता. म्हणजे थंड पाण्याचं जे छत पार करायला लेखकाने ही युक्ती केली, ते छत खऱ्या मेगॅलोडॉनला अडवूच शकलं नसतं.

“शार्क कुठेही जगतात.” नाही जगत. मारियाना गर्ता जवळपास ११ किलोमीटर खोल आहे आणि तळाशी दाब पृष्ठभागाच्या हजारपटींहून जास्त. शार्क साधारण ३ किलोमीटरच्या खाली क्वचितच सापडतात. कॅमेऱ्यात टिपलेला सगळ्यात खोलवरचा मासा ८,३३६ मीटरवरचा, जपानजवळच्या गर्तेतला, आणि तो आहे हातात मावेल असा लिबलिबीत स्नेलफिश. एवढ्या दाबाखाली प्रथिनांचा आकार बिघडतो. तो टिकवायला मासे शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड हे द्रव्य वाढवत नेतात, पण त्याने शरीरातले द्रव दाट होत जातात. सव्वाआठ किलोमीटरच्या आसपास ते समुद्राच्या पाण्याइतके दाट होतात आणि तिथे हिशेब संपतो. शार्कची अवस्था आणखी बिकट. युरियामुळे त्यांचे द्रव आधीच समुद्राइतके दाट असतात, त्यामुळे हे द्रव्य वाढवायला जागाच थोडी. त्यात तरंगण्यासाठी तेलाने भरलेलं भलंमोठं यकृत सांभाळायचं, म्हणजे अन्नही भरपूर हवं.

आणि अन्न कुठलं? १६ मीटरच्या मेगॅलोडॉनला रोज सुमारे ९८,००० किलोकॅलरी लागत असाव्यात, असा २०२२ चा एक अंदाज आहे. तो देवमासे खायचा, हे हाडांवरच्या दातांच्या खुणांवरून कळतं. देवमाशांना श्वासासाठी वर यावं लागतं. त्यांच्यातला सगळ्यात खोल बुडणारा क्युव्हिएचा चोचवाला देवमासा, त्याची नोंदलेली बुडी २,९९२ मीटरची. म्हणजे गर्तेच्या तळाशी बसलेल्या शार्कचं ताट त्याच्या डोक्यावर आठ किलोमीटर उंचीवर. खाली पोहोचतो तो वरून झरणारा सेंद्रिय चुरा, आणि त्यावर जगणारे झिंग्यांसारखे बारके जीव. शिवाय मेगॅलोडॉनची पिल्लं किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वाढत. पनामातल्या गाटुन नावाच्या खडकांच्या थरांत पिल्लांच्या लहान दातांचा साठाच सापडला आहे. अशी जात हिमयुग आलं म्हणून बिऱ्हाड गर्तेत हलवत नाही.

“समुद्राचा ९५ टक्के भाग अज्ञात आहे.” हा आकडा फिरतो फार, कळतो कमी. उपग्रहांनी सगळ्या तळाचा ढोबळ नकाशा केव्हाच दिलाय, सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी, बारकाईने मोजलेला तळ सुमारे एक चतुर्थांश आहे. पण तळाचा नकाशा नसण्याचा आणि देवमासे खाणारा प्राणी न दिसण्याचा संबंध काय? कुकीकटर नावाचा अर्ध्या मीटरचा शार्क देवमाशांच्या अंगावर वाटीने काढल्यासारखे गोल घाव करतो, आणि ते घाव संशोधकांना नेहमी दिसतात. पंधरा मीटरच्या शार्कच्या जबड्याची एकही ताजी खूण मग का दिसत नाही?

“सीलाकँथही नामशेष समजला होता.” हा सगळ्यात चांगला आक्षेप. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ हा मासा जिवंत मिळाला, तोवर त्याचा शेवटचा ठसा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानला जाई. पण सीलाकँथ खडकाळ उतारांच्या कपारींत राहतो, तिथे जीवाश्म सहज बनत नाहीत. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो, मात्र दात आयुष्यभर गळत राहतात, एका शार्कचे हजारोंनी. मेगॅलोडॉनचे दात तळहाताएवढे, मोठ्यात मोठे १८ सेंटिमीटरच्या आसपास, आणि अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडाच्या आसपास मिळाले आहेत. आणि ते सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी थांबतात. (मेगामाउथ शार्क १९७६ पर्यंत सापडला नव्हता, हेही सांगितलं जातं. तो प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो आणि हवाईजवळ एका जहाजाच्या समुद्री नांगरात अडकून मिळाला. दुर्मीळ शार्कही शेवटी कशात ना कशात अडकतो.)

चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७० च्या दशकात पॅसिफिकच्या तळातून काढलेले मेगॅलोडॉनचे दात फक्त ११,००० आणि २४,००० वर्षांचे निघाले, हा पुरावाही पुढे केला जातो. ते वय १९५९ मध्ये दातांवरच्या मँगनीजच्या थराच्या जाडीवरून काढलं होतं. हा थर बहुधा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतो, आणि तेही एकसारखा नाही. त्याचं घड्याळ करता येत नाही.

कादंबरीच्या सुरुवातीचा, टी-रेक्स डायनासोरला खाणारा मेगॅलोडॉन तर सोडूनच द्या, दोघांमध्ये चार कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे.

आता टीका करणाऱ्यांचीही एक चूक. “वर येताच दाब कमी होऊन तो फुग्यासारखा फुटला असता,” असं बरेच जण लिहितात. खोलवरून ओढून काढलेल्या माशांचं पोट तोंडातून बाहेर येतं ते वाताशयातल्या, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पिशवीतल्या, वायूमुळे. शार्कला वाताशय नसतो. त्याला तरंगवतं ते यकृतातलं तेल, आणि दाब घटला तरी तेल जेमतेम फुगतं. गडबड झाली असती ती प्रचंड दाबाला सरावलेल्या पेशींच्या आवरणांत आणि प्रथिनांत. शार्क मंद झाला असता, अडखळला असता, कदाचित मेलाही असता, पण अखंड.