सोनाराने टोचले तेव्हा कोणी विचारले नाही

गेल्या महिन्यात सत्यनारायणाच्या पूजेसाठी कोरेगावजवळच्या आमच्या गावी सारे घर जमले होते. माझ्या 22 वर्षांच्या लेकीच्या डाव्या भुवईतली बारीक कडी आणि तिच्या मनगटाच्या वर गोंदवलेले नेच्याचे पान तेथेच भाऊजींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, नजरेस पडले. पंगत बसायला अवकाश होता. आवाज न चढवता, पण ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी सांगितले, की ही थेरे आपल्या धर्मात बसत नाहीत. भाऊजी मनाचे वाईट नाहीत, लेकीच्या शिक्षणाला अडचण आली तेव्हा सर्वांत आधी तेच धावून आले होते. पण हे बोलताना त्यांच्या स्वतःच्या उजव्या कानात, वरच्या बाजूला, मोत्यांची नवी भिकबाळी चमकत होती आणि ती त्यांनी वयाच्या 58व्या वर्षी हौसेने टोचून घेतली आहे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते.

‘धर्मात बसत नाही’ हे वाक्य माझ्या मनातून जाईना. सोळा संस्कारांत कर्णवेध हा एक संस्कारच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बाळाचे कान रक्षणासाठी आणि भूषणासाठी सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, असे सांगून कृतीही दिली आहे. बाळाला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रिझवायचे, कानाची पाळी ओढून उन्हात धरायची, सूर्याचे किरण आरपार दिसतील तेथे सुई घालायची. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. आमच्या सोनाराने माझ्या लेकीचे कान टोचले तेव्हा त्याने ही संहिता वाचली असण्याची शक्यता नव्हती, पण बाराव्या दिवशी, खिडकीपाशी उजेडात, सोन्याची टोकदार तार पाळीतून पार करून तिला पीळ देताना त्याने अगदी तसेच केले. दोन थेंब खोबरेल तेल, चिमूटभर हळद, त्याच्या हातावर विडा-दक्षिणा, आणि कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली मी, इतकाच तो सोहळा. बाळ किंचाळले तेव्हा सगळे हसले. तिला कोणी विचारले नाही आणि विचारणे शक्यही नव्हते.

नाथपंथी कानफाटे जोगी तर कानाच्या मधले लवचीक हाड, म्हणजे कुर्चाच, चिरून त्यात जाड कुंडले घालतात, आणि ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा निवृत्तिनाथांच्या द्वारे याच नाथांकडे जाते. उलट जिच्यावाचून मराठी नवरीचा साजच पुरा होत नाही, त्या नथीचे मूळ आपण समजतो तितके जुने नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी तिचा माग काढला, तेव्हा जुन्या संस्कृत वाङ्मयात त्यांना नाकातल्या दागिन्याचा उल्लेख सापडेना. अजिंठ्याच्या चित्रांत कानांत दागिने आहेत, नाके मात्र मोकळी आहेत. म्हणजे नाक टोचणे हीसुद्धा एके काळी कोणाची तरी नवी फॅशनच असणार, आणि तेव्हाही एखाद्या थोरल्या दिराने ‘हे आपल्यात बसत नाही’ असे म्हटले असणार, अशी माझी आपली समजूत आहे. पुढे तीच नथ इतकी आपली झाली, की मुले जगत नसलेल्या घरात उशिरा झालेल्या मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी म्हणून वाढवायचे, म्हणजे काळाची नजर लागत नाही, अशी रीत पडली. ‘नथू’ हे नाव त्यातूनच आले आहे.

हा विषय मी बँकेत डबा खाताना काढला आणि तेथे निराळेच पदर उलगडले. वसईची माझी सहकारी श्रद्धाळू कॅथलिक आहे. तिच्या मुलाने दंडावर क्रूस गोंदवून घेतला, तर तिच्या आईने बायबलमधल्या लेवीयाच्या 19व्या अध्यायातले 28वे वचन पुढे केले, ज्यात मृतांसाठी अंगावर जखमा करू नका आणि अंग गोंदवू नका असे म्हटले आहे. मुलाने उत्तर दिले, की त्याच बायबलमध्ये, उत्पत्तीच्या 24व्या अध्यायात, अब्राहामाचा सेवक रिबकेच्या नाकात सोन्याची नथ घालतो, आणि इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या मनगटावर क्रूस गोंदवतात. दोघांचेही खरे होते. शेजारच्या टेबलावरच्या मुस्लिम सहकाऱ्याने सांगितले, की त्यांच्याकडे गोंदणारा आणि गोंदवून घेणारा या दोघांचाही हदीसमध्ये धिक्कार आहे, कारण अल्लाने घडवलेले रूप बदलू नये. मेंदी चालते, ती उतरते, आणि मुलींचे कान टोचायलाही बहुतेकांची हरकत नसते. मला खरा धक्का मात्र रहत मर्यादेने, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेने, दिला. दागिन्यासाठी नाक-कान टोचणे तेथे स्त्री-पुरुष दोघांनाही मना आहे. आपल्याकडे ज्याला संस्कार म्हणतात, ते अंगणापलीकडे निषिद्ध ठरते, आणि दोन्हीकडची माणसे आपण धर्म पाळतो याच कारणाने तसे वागतात.

गोंदणाबाबत आमच्या घरात बोलण्याचा खरा अधिकार सासूबाईंचा. त्या 84 वर्षांच्या आहेत. कपाळावर हिरवट टिकली, हनुवटीवर तीन ठिपके, आणि उजव्या हातावर वृंदावनासकट तुळस. कातडी सैल झाली तशी ती तुळस कलली आहे आणि तिच्या मंजिऱ्या आता सुरकुतीत शिरल्या आहेत. पूजेच्या दुपारी त्यांनी नातीचा हात ओढून स्वतःच्या हाताशेजारी ठेवला, नेच्याच्या पानावरून अंगठा फिरवला आणि विचारले, “लई दुखलं का गं? किती घेतले?” आकडा ऐकून त्या गप्पच झाल्या. त्यांची तुळस शेरभर जोंधळ्यांत आणि एका जुन्या लुगड्यात झाली होती. गोंदणारीण दारावर आली, नऊ वर्षांच्या त्या पोरीला दोघी बायकांनी धरून ठेवले, आणि चार सुया एकत्र बांधून काजळीने ते झाड रेखले गेले. त्यांच्या माहेरच्या गावात गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचे पाणी सासरी चालत नसे. सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे वर आपल्याबरोबर येते, हे त्या आजही ठामपणे सांगतात.

हे ऐकताना मला अभिमान वाटावा की वाईट वाटावे, हे ठरवता आले नाही. जुने ते सोने म्हणत त्या तुळशीचे फोटो काढून ‘आजीचा टॅटू’ म्हणून मिरवणे मला जमत नाही, कारण ती पोर रडत होती. पण गोंदणाची एक दुसरीही जात आहे. छत्तीसगढमधल्या रामनामी पंथाच्या माणसांना देवळाची दारे बंद होती, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी रामाचे नाव कपाळापासून पायांपर्यंत साऱ्या अंगावर गोंदवून घेतले. देवळात न घेणाऱ्यांनी आता या देहाला काय म्हणावे? तिथे सुई तीच, वेदनाही तीच. फक्त निर्णय ज्याचा त्याचा होता, आणि माझ्या मते सारा फरक तेथेच पडतो.

भुवईतली कडी मला स्वतःला आवडत नाही, हे लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी लेकीने एका मॉलमध्ये कानाच्या वरच्या कुर्चेत बंदुकीने टोचून घेतले होते, तिथे पू झाला आणि महिनाभर औषधे चालली. मऊ पाळीला जे चालते ते कुर्चेला चालत नाही, हे त्या दुकानात कोणी सांगितले नाही. निर्जंतुक सुई, नवी शाई, गोंदवल्यानंतर काही महिने रक्तदान करता न येणे, सैन्यात जायचे असेल तर गोंदण कोठे चालते याचे नियम, या गोष्टींवर आईबापांनी जरूर भांडावे. यात धर्माला ओढायची गरज नाही. ‘मला आवडत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून आपण शास्त्राला पुढे करतो. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण आमच्या घरात प्रत्येकालाच सोनार व्हायचे असते.

मीही त्यातलीच. लेक 14 वर्षांची असताना नणंदेच्या लग्नात नथ घालता यावी म्हणून मी हट्टाने तिचे नाक टोचायला लावले. तिला नको होते. ती रडली, मी पेढा दिला, आणि ते छिद्र वर्षभरात बुजले. पूजेहून परतताना गाडीत तिने एवढेच विचारले, “ते चाललं, मग हे का नाही?” मला उत्तर देता आले नाही. आणि गंमत अशी, की भाऊजींच्या मुलीने नाक टोचू दिले नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात चापाची नथ आणली होती. तेव्हा धर्म कोणाला आठवला नाही.

भाऊजींच्या त्याच मुलीला आता मुलगी झाली आहे आणि येत्या रविवारी माहेरी बारसे आहे. परवा तिने फोन करून विचारले, की काकू, त्याच दिवशी कान टोचले नाहीत तर चालेल का, मोठी झाली की तिचे तीच ठरवील. मी म्हटले, थांब, काही बिघडत नाही, भाऊजींशी मी बोलते. भाऊजी थोडे कुरकुरले आणि मग, माझ्या अपेक्षेबाहेर, हो म्हणाले. सासूबाईंना मात्र हे मुळीच पटलेले नाही. त्यांनी सोनाराला परस्पर निरोप धाडला आहे, असे काल रात्री कळले.