घरबसल्या चिखलदऱ्याचा फ्लॅट दुरुस्त करून घ्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे मे महिन्यात पारा ४६ च्या वर गेला की थंड हवेत आपलं काहीतरी असावं असं कोणालाही वाटतं. चिखलदऱ्यात तुमचा दोन खोल्यांचा जुना फ्लॅट असेल आणि तुम्ही तिथून पावणेतीनशे किलोमीटरवर राहत असाल, तर अभिनंदन. ठेकेदार मंडळी ज्या गिऱ्हाइकासाठी नवस बोलतात ते तुम्हीच.

काम फेब्रुवारीत ठरवा, म्हणजे जूनमध्ये सुरू होतं. अकराशे मीटर उंचीवरचं गाव, पावसाळ्यात ढग खिडकीतून थेट घरात येतात. अशा हवेत पुट्टी वाळत नाही असं काही शंकेखोर लोक म्हणतात. वाळते की! पापुद्रे होऊन खाली पडली की फरशीवर छान वाळते. "पावसाच्या आत काम करून देतो भाऊ," असं त्याने सांगितलेलंच असतं. कोणत्या वर्षीच्या पावसाच्या, हे विचारणं बरं दिसत नाही.

ॲडव्हान्स मागितला त्याहून थोडा जास्तच द्या.

साहित्य घाटाखालच्या परतवाड्यात, ठेकेदाराच्या ओळखीच्याच दुकानातून घ्या. अमरावतीला भाव काय आहे ते विचारू नका.

फोन केलात तर तो उचलला जाणार नाही, उचललाच तर ऐकू येणार नाही. दोष नेटवर्कचा. तेवढ्यात जे कानावर पडतं ते असं: "टेन्शन नोका घेऊ भाऊ, काम एक नंबर चालू हाये." चिखलदऱ्याभोवतीचा मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ पासून सरकारने इथे वाघ राखले ते ठेकेदारांच्या किती कामी येतील, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार? माझा टाइल्सचा ट्रक घटांगच्या अलीकडे अडला होता, कारण रस्त्यात वाघ बसला होता. वाघ पुढचे चार दिवस उठलाच नाही. टाइल्स परतवाड्यात दुकानाच्या ओट्यावर होत्या, पण वाघाला हे कोण सांगणार?

वाघ उठला की होळी येते. इथल्या कोरकू आदिवासींचा होळी हा सगळ्यात मोठा सण. होळीनंतरच्या फगव्याचे चार-पाच दिवस माणसं कामावर येणार नाहीत हे उघड आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण आमच्या ठेकेदाराची होळी पोळ्यापर्यंत चालते.

फोटो मागवा. फोटो येतात, तेही भराभर. बेडरूमच्या टाइल्स बसल्या म्हणून एक सुरेख फोटो आला. त्यात खिडकीबाहेर नारळाचं झाड होतं. चिखलदऱ्यात. मी अंगठा दाखवून दाद दिली, तुम्हीही द्या.

भीमाने कीचकाला इथल्याच दरीत टाकलं आणि नंतर भीमकुंडात हात धुतले, अशी आख्यायिका आहे. भीमाने इथे दुरुस्तीचं काही काम काढलं होतं का, यावर कोणीतरी संशोधन करावं.

आता बाथरूम. इथे सल्ला जरा सविस्तर देतो, कारण प्रकरण ताजं आहे. फरशीचा ढाळ नहाणी ट्रॅपच्या बरोबर उलट दिशेला द्यावा. म्हणजे पाणी जाळीत जाऊन वाया जात नाही. परवा कुलूप काढलं आणि नव्याकोऱ्या टाइल्सवर बादलीभर पाणी ओतलं. ते जाळीच्या कडेपर्यंत गेलं, तिथे जरा रेंगाळलं, मग वळलं आणि सरळ माझ्या चपलांकडे आलं. तिथून उंबरा ओलांडून बेडरूममध्ये पलंगाखाली. मीटरमागे एखादा सेंटिमीटर उतार लागतो हो, एवढाच! त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. आमच्या गावात गोठ्याची मोरी बांधणारा म्हातारा तीही वापरत नाही, एक डोळा मिटून ढाळ देतो, आणि बैलाचं मूत आजवर कधी गव्हाणीकडे गेलेलं नाही. इथे मात्र घाटभाडं वेगळं, वॉटरप्रूफिंगचे पैसे वेगळे, मिस्तरी "स्पेशल अमरावतीचा" म्हणून त्याचे वेगळे, आणि पाणी पलंगाखाली! ते वॉटरप्रूफिंगसुद्धा बिलातच आहे, जमिनीत नाही. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल धरली आहे. खालचे काका अकोल्याहून मला फोन करून बोलतात, आणि मी निमूट ऐकतो, कारण त्यांचं काहीच चुकत नाही. ठेकेदाराला फोन लावला (लागला!) तर म्हणतो, "वायपर ठेवा ना भाऊ एक."

वायपर!

बाहेर पायरीवर कामावरचे दोन मजूर भेटले, जवळच्याच पाड्यावरचे. होळी झाल्यावर आठवड्याभरात ते परत आले होते. मागच्या कामाची मजुरी मिळाली नाही म्हणून घरी बसले. फरशी त्यांनी लावलेलीच नव्हती. ती लावली ठेकेदाराच्या साळ्याने, जो एरवी मोबाइलचे कव्हर विकतो.

आता सल्ले बास झाले. ठेकेदारा, हे तुझ्या वाचनात येईल न येईल, पण ऐक. वाघ खोटा, होळी खोटी, नारळ तर खोटाच. अमरावतीत राहणाऱ्या मालकाचं बाथरूम तू नीट करून दिलंस, ते मी शेजारी जाऊन पाहून आलोय. त्याचं पाणी जाळीत जातं, कारण तो दर रविवारी येतो. म्हणजे काम तुला येतं. मी लांब राहतो म्हणून तू ते केलं नाहीस. लाज वाटू दे. आणि घाट चढून आलेल्या पाहुण्याला लुबाडायचं हे जे इथे सगळ्यांनी मिळून ठरवलंय, दुकानदारापासून हमालीवाल्यापर्यंत, त्या सगळ्यांनाही हेच सांगणं आहे.

ती फरशी उखड. कोबा पुन्हा कर. पाणी भरून ४८ तास ठेव, खालच्या छतावर ओल येते का ते काकांना विचार, आणि मग टाइल्स लाव, साळ्याला न बोलावता. त्या दोघांची मजुरी आधी दे. तोवर उरलेल्या पैशांसाठी मला फोन करू नकोस. इकडेही नेटवर्क नसतं.