कुलूपबंद बालवाडी
चांगलं घर मिळालं की मुलांचे दिवस पालटतात, असं सांगणारा एक लेख वाचला. त्या लेखात अर्थतज्ज्ञ राज चेट्टींच्या २०१५च्या अभ्यासाचा दाखला दिलाय: अमेरिकेत वयाची १३ वर्षं होण्याआधी बऱ्या वस्तीत राहायला गेलेली मुलं मोठेपणी जास्त कमावती झाली. पटतं. पण मुंबईत घर बदललं म्हणजे दिवस पालटले असं होत नाही हो.

मी ११ वर्षं बालवाडी चालवते. झोपडपट्टीत पोरं दारातून थेट माझ्याकडे यायची, चड्डी सावरत. पुनर्वसनात २६९ चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं आणि निम्मी यायची बंद झाली. लिफ्ट बंद, आई धुण्याभांड्याला. सातव्या मजल्यावरून तीन वर्षांच्या पोराला खाली आणणार कोण? झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेच्या नियमात बालवाडीची खोली सक्तीची आहे. आमच्याकडेही आहे ना! आत सिमेंटच्या गोण्या आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू.

शेवटी मी जिन्यातच बसायला लागले. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, इथे अंगणच नाही तर काय करणार. मजल्यांचे आकडे खडूने मोठ्ठे लिहिलेत. परवा एकीने ‘४’ला हात लावून सांगितलं, "बाई, इथं माझी आजी राहते."

खोलीची चावी सोसायटीत कुणाकडे आहे, ते मात्र अजून कळलेलं नाही.