‘हवाच खराब, मग सिगारेट सोडून काय फायदा?’ या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमधून एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : शहरातली हवा म्हणजे रोजच्या आठ सिगारेटी, तेव्हा सोडून काही उपयोग नाही. वीस-पंचवीस वर्षं ओढणाऱ्याची फुप्फुसं धुराला सरावलेली असतात, गाड्यांच्या धुराने त्यांना काही होत नाही. उलट सोडल्यावरच खोकला सुरू होतो. पहाटे पाचला हायवेच्या कडेने चाललं की सगळ्यात शुद्ध हवा मिळते. गूळ खाल्ला की फुप्फुसं धुऊन निघतात. आणि बाहेर पडताना नाकाला रुमाल बांधला की झालं.

आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी चार महिन्यांपूर्वी विडी सोडली. त्यांनी हा मेसेज मला पाठवून खाली विचारलंय, ‘मग मी उगाचच सोडली का?’ ज्याने कुणी तो लिहिला त्याने एवढं एक काम चोख केलंय. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी ‘सरावलेल्या फुप्फुसां’बद्दल, कारण सगळ्यात खोटं तेच आहे. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती सतत एका दिशेने हलते आणि धूळ, काजळी, जंतू चिकटलेला पातळ कफ घशाकडे ढकलत राहते. तंबाखूच्या धुराने या लवेची हालचाल मंदावते. वर्षानुवर्षं ओढत राहिलं की ती आखूड होते, जागोजागी नाहीशी होते आणि कफ तयार करणाऱ्या पेशी मात्र वाढतात. म्हणजे माल जास्त आणि तो उचलणारी यंत्रणा बंद. अशा छातीत डिझेलची काजळी शिरली की ती बाहेर पडायला जास्त वेळ घेते. याला सराव म्हणत नाहीत.

सोडल्यावर खोकला वाढतो हे खरं आहे, पण सगळ्यांचा नाही, आणि तो काही आठवड्यांपुरता. लव पुन्हा कामाला लागते, साठलेला कफ वर येऊ लागतो, म्हणून तो खोकला. मात्र दोन महिने झाले तरी तो हटत नसेल, थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं, तर ‘सोडल्यामुळे होतंय’ म्हणून घरी बसू नये, छातीचा फोटो काढून घ्यावा.

‘सरावा’च्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. रोज ओढणाऱ्या माणसाला रस्त्यावरच्या धुराचा त्रास पुष्कळदा कमी जाणवतो. त्याच्या नळ्या आधीच इतक्या सुजलेल्या असतात की वरून पडलेली भर वेगळी कळत नाही. जाणवत नाही म्हणून होत नाही, असं नव्हे.

होतं काय, हे लंडनमध्ये मोजलं गेलंय. इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी साठीच्या पुढच्या ११९ माणसांना दोन ठिकाणी दोन-दोन तास चालायला लावलं. एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जिथे तेव्हा दिवसभर डिझेलच्या बस आणि टॅक्सींची रांग असे, आणि एकदा तिथून जवळच असलेल्या हाइड पार्कमध्ये. यातले ४० निरोगी होते, ४० सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, बहुतेकदा धूम्रपानाने होणारा), ३९ हृदयविकाराचे. एकानेही गेल्या वर्षभरात सिगारेट ओढलेली नव्हती. तीच माणसं दोन्हीकडे चालली, त्यामुळे फरक माणसांतला नव्हता, हवेतला होता. निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

पार्कात चालल्यावर तिन्ही गटांत फुप्फुसांची ताकद वाढली, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला आणि हा फायदा २६ तासांपर्यंत दिसत राहिला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालल्यावर तोच फायदा बोथट झाला. सीओपीडीच्या रुग्णांत तर रस्त्यावरचा नायट्रोजन डायऑक्साइड, अतिसूक्ष्म कण आणि पीएम २.५ (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) जितके जास्त, तितकी पहिल्या सेकंदात बाहेर फेकता येणारी हवा कमी आणि लहान नळ्यांतला अडथळा जास्त. पार्काच्या तुलनेत त्यांच्यात कफ वाढण्याची शक्यता सुमारे तिप्पट आणि छातीत घरघर होण्याची चौपट निघाली. खोकला आणि धापही वाढली, पण तिथला आकडेशास्त्रीय पुरावा तितका पक्का नाही, म्हणून त्यावर मी जोर देत नाही. हे सगळं दोन तासांत, वर्षभर सिगारेटला न शिवलेल्या माणसांना. ‘सरावलेली फुप्फुसं’ यात कुठे बसतात, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आता आठ सिगारेटींचं गणित. ते हवेतून आलेलं नाही. अमेरिकेतल्या बर्कली अर्थ या संस्थेच्या रिचर्ड मुलर यांनी २०१५ मध्ये एक ढोबळ सूत्र मांडलं : पीएम २.५ चं प्रमाण दिवसभर घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम असेल तर ते एका सिगारेटीबरोबर. हे सूत्र मृत्यूंवरून काढलंय. प्रदूषणाने होणारे मृत्यू एका बाजूला, सिगारेटने होणारे दुसऱ्या बाजूला, आणि भागाकार. लोकांना धोक्याची जाणीव करून द्यायला ते चांगलं आहे. पण आठ सिगारेटींइतका धूर आत गेला, असा त्याचा अर्थ होत नाही.

धुराचं वजन करायचं तर हिशेब वेगळा लागतो. माणूस दिवसाला सुमारे १८ घनमीटर हवा आत घेतो. हवेत पीएम २.५ घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम धरलं, म्हणजे आपल्याकडच्या २४ तासांच्या ६० च्या मर्यादेहून कितीतरी वर, तर दिवसाला १.८ मिलिग्रॅम कण आत जातात. एका सिगारेटीतून सुमारे १२ मिलिग्रॅम. अशा वाईट हवेत साडेसहा दिवस श्वास घेतला की एका सिगारेटीइतके कण होतात. दिवसाला दहा ओढणारा माणूस त्याच हवेत राहून त्यावर रोज १२० मिलिग्रॅम चढवत असतो. हवा त्याच्या हातात नाही, पण हे १२० त्याच्या हातात आहेत.

मग इतके थोडे कण असूनही हवेने इतकी माणसं का दगावतात? कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांना थोड्या मात्रेतही मोठा फटका बसतो आणि पुढे मात्रा वाढली तरी धोका त्याच चढाने वाढत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं तसं नाही, तिथे मात्रेबरोबर धोका जवळजवळ सरळ रेषेत चढतो. शिवाय सिगारेट काही जण ओढतात, हवा तान्ह्या बाळापासून सगळे घेतात.

प्रदूषणाने एकट्यानेही फुप्फुसं खराब होतात, हे मान्य करावंच लागेल. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी होतो, हे आपल्याकडच्या छातीच्या डॉक्टरांना नव्याने सांगायला नको. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या सात हजारांवर लोकांच्या अभ्यासात ओझोन जास्त असलेल्या भागांत फुप्फुसं पोकळ होण्याचा वेग जास्त दिसला. पण यातून ‘सोडू नका’ कसं निघतं? दोन बाजूंनी मार बसत असेल तर थांबवता येईल तो आधी थांबवायचा.

आणि थांबवल्याने काय मिळतं, तेही मोजलेलं आहे. अमेरिका-कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त सहा हजारांच्या आसपास माणसं होती. सगळी ओढणारी आणि सगळ्यांच्या श्वासनलिका आधीच थोड्या अरुंद झालेल्या. अकरा वर्षांनी पाहिलं तर ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदातली हवा वर्षाला ६६ मिलिलिटरने घटत होती आणि सोडून दिलेल्यांची ३० ने. वीस वर्षांत हा फरक ७०० मिलिलिटरच्या वर जातो. साठीतल्या मध्यम चणीच्या माणसाकडे एकूण दोन-अडीच लिटर असतात, हे लक्षात घेतलं की ७०० म्हणजे जिना चढता येणं आणि न येणं यातला फरक आहे. गेलेलं परत येत नाही हे खरं, पण घसरण मंदावते. आणि गर्दीच्या रस्त्यावर जी ताकद पणाला लागते, ती हीच शिल्लक.

राहिलेले मुद्दे पटकन.

पहाटेचा हायवे : थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. रात्रभरच्या ट्रकांचा धूर खालीच कोंडतो. दिवसा मोठ्या रस्त्यापासून दीडशे-तीनशे मीटर आत गेलं की अतिसूक्ष्म कण बरेच कमी होतात. सूर्योदयापूर्वी मात्र ते वाऱ्याच्या दिशेने किलोमीटरच्या पुढेही सापडलेत. भरभर चालताना माणूस मिनिटाला पंचवीस-तीस लिटर हवा घेतो, बसल्या जागी घेतो त्याच्या चौपट. तेव्हा ऊन वर आल्यावर, आतल्या गल्लीतून किंवा मैदानाच्या मध्यावर चालावं. चालणं बंद करू नये. पार्कातला फायदा सीओपीडीच्या रुग्णांनाही मिळाला होता.

गूळ : लखनौच्या एका प्रयोगशाळेने १९९४ मध्ये उंदरांवर हा प्रयोग केला होता. कोळशाची आणि सिलिकाची धूळ दिलेल्या उंदरांत गुळाने कण बाहेर पडायला मदत झालेली दिसली. हे मी नाकारत नाही. पण ते उंदीर होते आणि धूळ खाणीतली. सिगारेटने झालेली इजा गूळ भरून काढतो असं त्यात नाही, आणि मधुमेह असलेल्यांनी तर या नादी लागूच नये.

रुमाल : सूक्ष्म कण त्यातून आरपार जातात. एन-९५ मास्क कण अडवतो, तोही नाकाची पट्टी नीट दाबली आणि गालाला फट राहिली नाही तरच. दाढीवर तो बसत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू तो अडवत नाही. ज्यांना चालताना धाप लागते त्यांनी तो घालून चढ चढण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गाडीत असाल तर सिग्नलच्या रांगेत काचा बंद आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण चालू ठेवावं. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी, पण ट्रकच्या मागे असताना नाही.

चाळिशी ओलांडलेल्या आणि दहा वर्षांहून जास्त ओढलेल्या प्रत्येकाने एकदा स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याची तपासणी) करून घ्यावी. आधी फुंकायचं, मग पंपातून औषध घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळी पहिल्या सेकंदातली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी निघाली तर सीओपीडीचा उपचार सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. पंप आधीच चालू असलेल्यांनी गर्दीच्या रस्त्याला जाताना तो खिशात ठेवावा. कफाचा रंग बदलला, तो वाढला आणि धापही वाढली, तर दोन दिवस वाट पाहू नये.

आणि ज्यांनी अजून सोडलेली नाही, त्यांच्यासाठी सरकारचा तंबाखू सोडण्याचा मोफत फोन नंबर आहे : १८००-११-२३५६. मेसेज पुढे ढकलायचाच असेल तर हा ढकला.