कनेक्शन पूल दहापट करू नका

‘साइट स्लो झालीय? मोजत बसू नका, या पाच गोष्टी करा’ अशी एक यादी सध्या सगळीकडे फिरतेय. सर्व्हर दुप्पट करा, डेटाबेसचा कनेक्शन पूल (ॲपने आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) दहापट करा, प्रत्येक कॉलमवर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) टाका, सगळं कॅश करा (एकदा मिळालेलं उत्तर जवळ साठवा) आणि मोनोलिथ (एकसंध ॲप) फोडून मायक्रोसर्व्हिसेस (छोट्या स्वतंत्र सेवा) करा. मी दुर्लक्ष केलं असतं, पण आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने दुसरा मुद्दा थेट कोडमध्ये उतरवून रिव्ह्यूला पाठवला: पूल 20 वरून 200. चूक त्याची नाही. इतक्या ठामपणे लिहिलेलं कुणालाही खरंच वाटेल. म्हणून सुरुवात त्याच मुद्द्यापासून करते.

कनेक्शनसाठी थांबावं लागतंय म्हणजे कनेक्शन कमी पडतायत, हा तर्क वरवर पटतो आणि तिथेच घात होतो. 8 कोअरच्या, म्हणजे एका वेळी आठच कामं पेलणाऱ्या, डेटाबेसवर 200 क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) एकदम सोडल्या तरी कोअर आठच राहतात. मग त्या क्वेरी सीपीयू, मेमरी आणि लॉकसाठी (एकाच्या हातातला डेटा सुटेपर्यंत बाकीच्यांना थांबवणारं कुलूप) एकमेकींशी झगडतात. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणारा कामांचा गट) लांबलं की त्याने धरलेला लॉक उशिरा सुटतो आणि मागची ट्रान्झॅक्शन्स आणखी लांबतात. रांग ॲप्लिकेशनमध्ये होती तेव्हा तिचा खर्च फारसा नव्हता. पूल फुगवून तुम्ही ती संपवली नाहीत, डेटाबेसच्या आत ढकललीत.

हे माझं मत नाही. जावातल्या हिकारीसीपी या कनेक्शन पूल लायब्ररीच्या विकीवर पूल किती मोठा असावा यावर एक अख्खं पान आहे. त्यात ओरॅकलच्या परफॉर्मन्स टीमच्या प्रात्यक्षिकाचा दाखला आहे: बाकी काहीही न बदलता फक्त पूल लहान केला आणि रिस्पॉन्स टाइम सुमारे 100 मिलिसेकंदांवरून 2 मिलिसेकंदांवर आला. पूल लहान करून! सुरुवातीसाठी तिथे दिलेला हिशोब असा: कोअरची संख्या गुणिले दोन, अधिक डिस्कची संख्या. 4 कोअर आणि एक डिस्क असेल तर 9. शिवाय पूल हा ॲपच्या प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो, हे यादीवाले विसरलेच. चार प्रती गुणिले 200 म्हणजे 800 कनेक्शन. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळातली मर्यादा 100 आहे आणि प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते.

मग पूल का संपतो? बहुतेक वेळा कुणीतरी कनेक्शन अडवून बसलेलं असतं. सेकंदाला 200 रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येक जण कनेक्शन 50 मिलिसेकंद धरतो असं समजा. सरासरी 10 कनेक्शन गुंतलेली असतील. आता कुणीतरी कोडमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून मधेच बाहेरच्या पेमेंट सेवेच्या एपीआयला कॉल घातला आणि तो दर वेळी दोन सेकंद अडकला. त्याच रिक्वेस्टना आता सुमारे 400 कनेक्शन लागतात. इलाज पूलमध्ये नाही. तो कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढण्यात आहे.

इंडेक्सच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, हे मान्य करावं लागेल. मोठ्या टेबलवर नेमका हवा तो इंडेक्स नसणं हे मंदावण्याचं नेहमीचं कारण आहे. पण ‘प्रत्येक कॉलमवर’? नवी ओळ घालताना जवळपास प्रत्येक इंडेक्समध्येही नोंद करावी लागते. एक्सप्लेन ॲनलाइझ (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) चालवा, त्यातला प्लॅन वाचा आणि लागेल तोच इंडेक्स टाका.

सर्व्हर दुप्पट करणं कधीकधी खरंच बरोबर असतं, सीपीयू उपयोगी कामातच गुंतलेला असेल तर. पण 50 ओळींच्या यादीसाठी कोड 51 क्वेरी (यादीची एक, मग प्रत्येक ओळीची वेगळी) पाठवत असेल, तर वेळ डेटाबेसकडे जाण्यायेण्यात जातो. मोठं मशीन ती फेरी वाचवत नाही.

कॅशने वाचनाचा भार कमी होतो, हे खरं. मात्र खराब क्वेरी कॅशमागे तशीच राहते आणि कॅश रिकामा झाला की सगळा भार एकदम तिच्यावर येतो. मायक्रोसर्व्हिसेसबद्दल एवढंच: जे काम आज एका जॉइनमध्ये (दोन टेबलं जोडणाऱ्या क्वेरीत) होतं, त्यासाठी उद्या दोन सर्व्हिसेस नेटवर्कवरून बोलणार. याने वेग कसा वाढेल, ते यादीत कुठेही लिहिलेलं नाही.

राहिला मथळा, आणि ‘मोजत बसू नका’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. मोजणं म्हणजे महिन्याचा प्रकल्प नव्हे. पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन (कोणती क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ लागला याची नोंद ठेवणारं) सुरू करा आणि क्वेरी एकूण लागलेल्या वेळेनुसार लावा, सरासरीनुसार नको. 3 मिलिसेकंदांची, पण लाखो वेळा चालणारी क्वेरी सरासरीच्या यादीत तळाशीच राहते. मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर स्लो क्वेरी लॉग चालू करताना मर्यादाही बदला. ती मुळात 10 सेकंद असते, म्हणजे 9 सेकंद खाणारी क्वेरी त्यात दिसणारच नाही.